कुत्रा शेजारचा, जखम गोठ्यातली

पहाटे गोठ्यात दोन शेळ्या आडव्या पडलेल्या, तिसरीची मांडी फाटलेली आणि करडू बेपत्ता दिसले, की गावात पहिला संशय बिबट्यावर जातो. अनेकदा मात्र हल्लेखोर वस्तीवरचाच असतो. दिवसभर ओट्यावर झोपणारा आणि रात्री मोकळा सुटणारा शेजाऱ्याचा कुत्रा!

जखमा पाहून हा फरक बराचसा ओळखता येतो. बिबट्या सहसा गळा किंवा मान पकडतो आणि भक्ष्य ओढून नेतो. कुत्र्यांचे चावे अंगभर विखुरलेले असतात. मागच्या मांड्या, कूस, शेपूट, कान, जे तोंडात येईल ते ते धरतात. एका रात्रीत अनेक जनावरे जखमी होतात, पण खाल्लेले थोडेच असते. कारण हा हल्ला बहुधा भुकेपोटी नसतो. पळणाऱ्या जनावरामागे धावणे ही कुत्र्याची उपजत प्रवृत्ती आहे आणि दोन-तीन कुत्री एकत्र आली की ती अधिकच चेतते. म्हणूनच ‘आमचा कुत्रा लहान मुलांनाही काही करत नाही’ हे मालकाचे म्हणणे खरे असूनही निरुपयोगी ठरते. घरातला शांत कुत्रा टोळीत गेला की वेगळा वागतो.

जखम दिसते त्याहून खोल

कुत्र्याचा सुळा कातडीला लहानसे भोक पाडतो, पण आत स्नायू चिरडलेले असतात आणि तोंडातले जंतू खोलवर गेलेले असतात. मेंढीच्या लोकरीखाली तर जखम दिसतही नाही. दोन दिवसांनी सूज, दुर्गंधी किंवा अळ्या दिसल्यावर ती कळते. त्यामुळे हल्ल्यानंतर कळपातले प्रत्येक जनावर हाताने चाचपून पाहावे. एकही चावा न लागलेली गाभण जनावरे नुसत्या भीतीने आणि पळापळीने गाभडू शकतात.

सर्वांत मोठा धोका रेबीजचा. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतला विषाणू चाव्यातून मज्जातंतूंमार्फत मेंदूपर्यंत पोहोचतो. या प्रवासाला काही आठवडे ते काही महिने लागतात. तोपर्यंत जखम भरून आलेली असते आणि चावा विस्मरणात गेलेला असतो. मग गाय लाळ गाळू लागते, चारा-पाणी गिळू शकत नाही, घोगऱ्या आवाजात सारखी हंबरते. ‘घशात काहीतरी अडकले असेल’ असे समजून घरातले कोणीतरी तिच्या तोंडात हात घालते. हातावर साधा ओरखडा असला तरी तेवढे पुरे असते. लक्षणे दिसू लागल्यावर जनावरावर उपचार नाही आणि माणूसही जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून अशा जनावराच्या तोंडात हात घालू नये, त्याचे दूध वापरू नये. लाळेशी संपर्क आलेल्या प्रत्येकाने त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पहिल्या तासात काय करावे?

चावा लागताच जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. धुताना हातमोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी हाताला बांधावी. मग आयोडिनचे जंतुनाशक लावावे. हळद, चुना, तिखट, तेल यातले काहीही जखमेत भरू नये. जखम शिवण्याची घाई करू नये. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने रेबीज लसीचे डोस सामान्यतः ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी दिले जातात. पहिल्या दोन डोसांनंतर जनावर बरे दिसते म्हणून पुढचे टाळू नयेत. चावणारा कुत्रा माहीत असेल तर त्याला मारू नये. बांधून १० दिवस नजरेखाली ठेवावे. तो आजारी पडला किंवा मेला, तर ताबडतोब कळवावे.

जखमांची छायाचित्रे, पंचनामा आणि पशुवैद्यकाचा दाखला त्याच दिवशी घ्यावा. वन विभागाची भरपाई वन्य प्राण्यांच्या हल्ल्यासाठी असते, पाळीव कुत्र्याच्या नव्हे. विमा उतरवला असेल तर मेलेले जनावर पुरण्याआधी कंपनीला कळवणे गरजेचे असते.

न चावताही होणारे नुकसान

मोकाट कुत्रा विष्ठेतून फीतकृमींची अंडी चराऊ रानात सोडतो. ती गवताबरोबर मेंढीच्या पोटात गेली, की एका जातीच्या कृमीची गाठ तिच्या मेंदूत वाढते आणि मेंढी एकाच जागी गोल फिरू लागते. दुसऱ्या जातीच्या पाणीदार गाठी यकृतात व फुप्फुसात होतात आणि त्या माणसालाही होऊ शकतात. कापलेल्या किंवा मेलेल्या जनावराची आतडी, यकृत, डोके कुत्र्यांपुढे टाकले की हे चक्र पुन्हा सुरू होते. कुत्र्याला नियमित जंतनाशक देणे आणि असे अवशेष खोल पुरणे, एवढ्याने ते तुटते.

शेजाऱ्याशी बोलायचे ते काय?

भांडणाआधी तीन मागण्या स्पष्ट मांडाव्यात: सूर्यास्तापासून सकाळपर्यंत कुत्रा बांधलेला हवा, दरवर्षी रेबीजची लस हवी आणि नसबंदी हवी. न ऐकल्यास ग्रामपंचायतीकडे लेखी तक्रार करता येते. पाळीव प्राण्याबाबत धोकादायक निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे. कुत्रा बेवारस असेल तर २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेवर येते. विष घालणे मात्र गुन्हा तर आहेच, शिवाय ते विष कावळे, मांजरे आणि मेंढपाळाच्या राखणीच्या कुत्र्यांपर्यंतही पोहोचते.

आपल्या बाजूने गोठा बंदिस्त करावा. कुत्री उकरून आत शिरतात, त्यामुळे जाळीचा खालचा भाग वीतभर जमिनीत गाडावा. धनगर रात्री मेंढ्यांभोवती वाघूर लावतात आणि शेजारी स्वतःची कुत्री ठेवतात, त्यामागचा विचार हाच आहे. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावा आणि शेजाऱ्यालाही द्यावा. त्याच्या कुत्र्याला लस टोचली गेली, तर निम्मे काम तिथेच होते.