ग्रीष्मातील अल्पमोली वर्ण्य उपचार आणि कुंडीतील भाजीपाला

फाल्गुन सरत आला की आपल्या दवाखान्यांत त्वचेच्या तक्रारी वाढू लागतात. घामोळे, दाह, चेहऱ्यावरील काळवंडलेपणा, ओठ फुटणे, तळपायांची आग ही लक्षणे घेऊन येणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांनी तोपर्यंत बाजारातील दोन-तीन मलमे वापरून पाहिलेली असतात. त्यांवर झालेला खर्च ऐकला की महिन्याच्या किराण्यातील किती भाग त्यात गेला असेल, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. विशेष म्हणजे हाच रुग्ण आपण लिहून दिलेल्या औषधाची किंमत मात्र दोनदा विचारतो. यात त्याचा दोष नाही. कमी खर्चात काय करता येते, हे त्याला कोणी नीट सांगितलेले नसते. प्रस्तुत लेखात याच विषयाचा विचार करावयाचा आहे.

ऋतू आणि त्वचा

ग्रीष्म हा आदानकालातील शेवटचा ऋतू होय. या काळात कफाचा क्षय व वाताचा संचय होतो, शरीरबल उतरते, अग्नी मंदावतो आणि त्वचेतील स्नेह कमी होतो. म्हणून मधुर, शीत, स्निग्ध व द्रव आहार घ्यावा आणि लवण, कटू, अम्ल रस, व्यायाम व ऊन यांचा अतिरेक टाळावा, असा उपदेश केलेला आहे. याचा व्यवहारातील अर्थ असा की, ग्रीष्मातील वर्ण्य उपचाराची सुरुवात ताटातून होते. लेप हा त्याचा उत्तरार्ध समजावा.

शास्त्राधार

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील २२ व्या अध्यायात सहा ऋतूंसाठी सहा मुखलेप वर्णिले आहेत. ग्रीष्मासाठी कुमुद, उत्पल, कल्हार, दूर्वा, मधुक व चंदन ही द्रव्ये सांगितली आहेत. कमळाच्या जाती आज शहरात सहज मिळत नाहीत आणि चंदन सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात राहिलेले नाही. बाजारात चंदनाचे चूर्ण म्हणून अत्यल्प दराने सुटे विकले जाते, ते खरे चंदन असणे शक्य नाही, हे आपण सर्व जाणतो.

अशा वेळी चरकाचार्यांची दशेमानी उपयोगी पडतात. वर्ण्य महाकषाय आणि दाहप्रशमन महाकषाय शेजारी ठेवून वाचल्यास चार द्रव्ये दोहोंत समान आढळतात: चंदन, उशीर, मधुक व सारिवा. ग्रीष्मात आपल्याला वर्ण्य आणि दाहशामक ही दोन्ही कर्मे हवी असतात. चंदन वगळले तरी वाळा, ज्येष्ठमध व उपळसरी ही तीन द्रव्ये उरतात. ती कोणत्याही चांगल्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात आणि लेपासाठी फार थोडी लागतात.

अल्पमोली योग

वाळा, ज्येष्ठमध व उपळसरी यांचे वस्त्रगाळ चूर्ण प्रत्येकी २० ग्रॅम आणि मसुराचे बारीक पीठ ४० ग्रॅम असे १०० ग्रॅम मिश्रण करावे. शार्ङ्गधरसंहितेतील व्यंगनाशक लेपातही मसूर आहे, त्यामुळे ही योजना परंपरेला सोडून नाही. एका वेळी सुमारे ८ ग्रॅम चूर्ण पुरते, म्हणजे १०० ग्रॅममध्ये बारा वेळा लेप होतो. आठवड्यातून दोनदा लावल्यास दीड महिना निघतो. रूक्ष त्वचेसाठी दुधात आणि तैलीय त्वचेसाठी दूर्वांच्या ताज्या स्वरसात कालवावे. लेपानंतर रूक्षता जाणवल्यास शतधौत घृत अगदी पातळ लावावे.

लेप वाळू लागताच ओला करून काढावा. पूर्ण वाळलेला लेप त्वचेची कांती बिघडवतो, असे ग्रंथकारांनी स्पष्ट सांगितले आहे. तरीही चेहरा ताणला जाईपर्यंत लेप ठेवण्याची चूक घरोघरी होते. पीनस, अजीर्ण व रात्री जागरण झालेले असताना मुखलेप करू नये. लेप लावून उन्हात किंवा चुलीपुढे जाऊ नये. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहतात, हेही रुग्णाला आवर्जून सांगावे. कोणताही लेप छत्री, टोपी व ओढणीची जागा घेऊ शकत नाही.

येथे स्वतःचा एक अनुभव नमूद करणे कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात, लग्न ठरलेल्या एका मुलीला मी असाच लेप दिला. आठवड्याने ती चेहऱ्यावर पूययुक्त पुटकुळ्या घेऊन परत आली. सोबत आलेल्या आईच्या डोळ्यांत पाणी होते. चौकशीअंती कळले की, रोज कालवण्याचा त्रास नको म्हणून तिने सारे चूर्ण एकदाच दुधात भिजवून तीन दिवस वापरले होते. मी पुडीवर केवळ ‘लेपासाठी’ एवढेच लिहिले होते. चूक तिची नव्हती, माझी होती. लग्नापूर्वी त्वचा बरी झाली, हे तिचे आणि माझे दैव. तेव्हापासून प्रत्येक पुडीवर ‘दर वेळी ताजे कालवावे, उरलेले टाकावे, प्रथम कानामागे लावून एक दिवस पाहावे’ अशी तीन वाक्ये छापलेली असतात.

गच्चीतील आणि परसातील लागवड

ग्रीष्मचर्येला लागणारे बरेच काही कुंडीत, जुन्या डब्यात किंवा गोणीत होते. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या काकडीला सुमारे ४५ ते ५० दिवसांत फळ येते. लाल माठ महिन्याभरात काढणीस येतो. घोळ तर न लावताही कुंडीत उगवते आणि आपण ती तण म्हणून उपटून टाकतो. विदर्भात उन्हाळ्यात आवडीने खाल्ली जाणारी चिवळ तिच्याच कुळातील. पुदिना अर्धवट सावलीत उत्तम वाढतो. दूर्वा, कोरफड व गावठी गुलाब यांच्या एकेक कुंडीने लेप आणि गुलकंद या दोन्ही गोष्टी साधतात. भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी झाडांना घालावे, सकाळी लवकर किंवा सायंकाळी शिंपण करावे आणि मातीवर पाचोळ्याचे आच्छादन ठेवावे. पाणीटंचाईच्या गावीही एवढे जमते.

दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. कोरफडीचे पान कापल्यावर पिवळा चीक पूर्ण निथळू द्यावा. तो त्वचेला क्षोभक व पोटात विरेचक असून गर्भिणीस वर्ज्य आहे. दुसरी गोष्ट दुधीची. दुधी अथवा काकडी चवीला कडू लागल्यास ती फेकून द्यावी. कडू दुधीच्या रसाने तीव्र उलट्या व रक्तस्राव होऊन मृत्यूही ओढवले आहेत. ‘कडू ते औषधी’ हा समज येथे घातक ठरतो.

औषधी दुकानदार बंधूंसाठी

स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करण्याची मुभा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मध्ये वैद्यांना आहे. मात्र तेच मिश्रण पाकिटात भरून दुकानात विक्रीस ठेवायचे असेल तर उत्पादन परवाना लागतो. ‘घरगुती’ या शब्दाने ती जबाबदारी टळत नाही. तसेच त्वचेवर लावण्याची अनेक स्टेरॉइडयुक्त मलमे २०१८ साली अनुसूची ‘एच’मध्ये आणली गेली. ती ‘गोरेपणाचे मलम’ म्हणून चिठ्ठीविना हाती देणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्याने त्वचा पातळ होते, लाली येते आणि मलम थांबवताच त्रास दुणावतो. अशा ग्राहकाला वैद्याकडे पाठवणे हीच खरी सेवा होय. सुटी काष्ठौषधी विकताना द्रव्याचे नाव व खरेदीची तारीख पुडीवर घालावी आणि पावसाळ्यात ओल लागलेला साठा लेपासाठीही देऊ नये.

समारोप

वर्ण्य याचा अर्थ गोरेपणा नव्हे. ज्याचा जो प्रकृतिवर्ण आहे, तो निरोगी व तेजस्वी राखणे हाच त्याचा आशय आहे. हे रुग्णाला पटले की त्याचा निम्मा खर्च आपोआप वाचतो. उरलेल्या निम्म्यासाठी वाळा, ज्येष्ठमध, उपळसरी आणि गच्चीतील चार कुंड्या पुरेशा आहेत. येत्या ग्रीष्मात आपण प्रत्येकाने आपल्या चिकित्सालयाच्या दारात दूर्वेची व कोरफडीची एकेक कुंडी ठेवावी आणि लेपाच्या पुडीवर सूचना लिहिण्याचा परिपाठ घालावा, ही नम्र विनंती.