भुलीतल्या जनावराची राखण

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या गुंद गावाभोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे. अशा मुलखात भुलीचं औषध गोठ्यातल्या बैलाला लागतं, तसंच कधी बिबट्यालाही. ऑपरेशन थिएटर दोघांच्याही नशिबी नसतं. जनावर पडेल तिथे, मातीवरच डॉक्टरला काम करावं लागतं. म्हणून उशाशी बसून श्वास मोजणारा माणूस सुरी धरणाऱ्याइतकाच महत्त्वाचा.

शिंगाचा कर्करोग झालेल्या बैलाचं शिंग मुळापासून काढावं लागतं. शिंगाची नस बधिर करतात आणि बैल शांत राहावा म्हणून झायलाझीन देतात. या औषधाला गुरं घोड्यापेक्षा सुमारे दहापट हळवी असतात. घोड्याचा डोस बैलाच्या जिवावर बेतेल. त्यात रवंथ करणाऱ्याचं पोट. आडव्या बैलाच्या पोटात वायू साठतो, फुप्फुसं दाबली जातात, घशाशी आलेला चारा श्वासनलिकेत उतरू शकतो. म्हणून त्याला आधी उपाशी ठेवतात, शक्यतो छातीवर बसवतात आणि लाळ बाहेर वाहील असं तोंड उताराकडे करतात. डावी कूस फुगतेय का, हे मालकालाही पाहता येतं.

हत्तीचं नेमकं उलटं. त्याची फुप्फुसं छातीच्या भिंतीला चिकटलेली असतात. भुलीत तो छातीवर बसला, तर स्वतःच्याच वजनाने त्याचा श्वास कोंडतो. त्याला चटकन कुशीवर वळवायचं आणि सोंड मोकळी ठेवायची. फेब्रुवारी 2015 मध्ये सिंधुदुर्गातल्या माणगाव खोऱ्यात कर्नाटकच्या प्रशिक्षित हत्तींच्या मदतीने तीन रानहत्ती पकडले गेले. अशा मोहिमांत भुलीच्या बंदुकीच्या नेमाची बातमी होते, कानामागची नाडी चाचपणारा हात मात्र कुणाला आठवत नाही.

बिबट्याला केटामीन हे भुलीचं औषध दिलं की त्याचे डोळे उघडेच राहतात. ते सुकू नयेत म्हणून मलम लावून वर फडकं टाकतात. पळापळीने अंग तापलेलं असतं, त्यामुळे थर्मामीटर सतत हवा. पारा 41 अंशांकडे सरकला की अंगावर पाणी ओततात.

जिभेला चिमट्यासारखं लावायचं पल्स ऑक्सिमीटर बॅटरीवर चालतं. रक्तातला ऑक्सिजन 95 टक्क्यांखाली गेला, की डॉक्टर सावध होतात. यंत्र नसेल तर हिरडी दाबून सोडायची. दोन सेकंदांत ती पुन्हा गुलाबी व्हायला हवी.

खरा धोका पुष्कळदा काम संपल्यावर असतो. ब्रिटनमध्ये 2002 ते 2004 या काळात सुमारे 98 हजार कुत्र्यांच्या भुलीची नोंद ठेवली गेली. साधारण 600 मागे एक कुत्रा दगावला आणि यांपैकी जवळपास निम्मे मृत्यू शस्त्रक्रियेनंतरचे होते, बहुतेक पहिल्या तीन तासांतले. नेमक्या याच वेळी पट्टी बांधून झालेली असते आणि माणसं चहाला उठतात.

तेव्हा आपल्या जनावराला भूल द्यायची असेल, तर त्याने शेवटचं कधी खाल्लं ते डॉक्टरांना खरं सांगा. ते पायांवर नीट उभं राहीपर्यंत चारा-पाणी देऊ नका, आणि तोवर घरातलं एक माणूस त्याच्याजवळ बसवाच.