पोहे व्यायामाआधी की नंतर?

वजने उचलताना स्नायू जे इंधन जाळतात, त्याचा मोठा भाग ग्लायकोजेनचा असतो. भात, भाकरी, पोहे, केळे यांतल्या कर्बोदकांचे पचनानंतर मुख्यतः ग्लुकोज होते. त्यातले लगेच न लागणारे ग्लुकोज स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये ग्लायकोजेन यकृतातून वेगळे काढून दाखवले. प्रौढ माणसाच्या स्नायूंत साधारण ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात ८० ते १०० ग्रॅम ग्लायकोजेन असते.

या दोन साठ्यांचे व्यवहार वेगळे आहेत. यकृत आपला साठा फोडून रक्तात ग्लुकोज सोडते आणि रात्रभर मेंदूचे त्यावर भागते. स्नायूंकडे ग्लुकोज परत रक्तात सोडण्यासाठी लागणारे विकर नसते, त्यामुळे तिथले इंधन तिथेच खर्ची पडते. रात्री नऊला जेवून पहाटे साडेपाचला व्यायामशाळेत पोहोचलेल्या माणसाचे यकृत बरेच रिते झालेले असते; त्याच्या मांड्या आणि दंडांतला साठा मात्र जवळजवळ आदल्या रात्रीइतकाच असतो. ‘उपाशीपोटी अंगात ताकदच नसते’ हे जिममधले ठरलेले वाक्य म्हणूनच अर्धेच खरे आहे.

एका व्यायामात किती ग्लायकोजेन संपते, हे स्नायूचा सुईने काढलेला बारीकसा तुकडा तपासून मोजता येते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या १९९९ मधील प्रयोगात दंडाच्या व्यायामाच्या एका सेटनंतर साठा सुमारे १२ टक्क्यांनी आणि तीन सेटनंतर सुमारे २४ टक्क्यांनी घटला. मांड्यांच्या सहा जड सेटनंतर ही घट ४० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे घाम गाळून, पाय थरथरत घरी निघालेल्या माणसाच्या स्नायूंतही निम्म्याहून अधिक इंधन शिल्लक असते. लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराची गोष्ट निराळी. खेळाडूंच्या आहाराचे बरेच नियम त्याच्यावर झालेल्या प्रयोगांतून आले आणि पुढे वजने उचलणाऱ्यांच्या गळ्यात पडले.

तरीही सकाळी न खाता व्यायाम करणाऱ्यांची कामगिरी घसरते, हे इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांना २०१९ मध्ये आढळले. रोज न्याहारी करणाऱ्या सरावलेल्या पुरुषांना एक दिवस न्याहारी दिली आणि एक दिवस फक्त पाणी. पाण्याच्या दिवशी स्क्वॉटच्या आवृत्त्या सुमारे १५ टक्क्यांनी आणि बेंच प्रेसच्या सुमारे ६ टक्क्यांनी कमी भरल्या. खरी गंमत पुढच्या वर्षीच्या प्रयोगात आहे. या वेळी एके दिवशी न्याहारीसारखेच दिसणारे, दाटसर, पण जवळजवळ उष्मांकच नसलेले मिश्रण ठेवले गेले. ते खाल्ल्यावरही स्क्वॉट पाण्याच्या दिवसापेक्षा चांगले झाले, अगदी खऱ्या कर्बोदकांच्या न्याहारीइतकेच. सकाळच्या अडचणीत भुकेचा आणि ‘आज काही खाल्लेले नाही’ या जाणिवेचा वाटा मोठा आहे, असाच याचा अर्थ निघतो.

कर्बोदकांचा प्रत्यक्ष फायदा दिसतो तो आठ तास किंवा त्याहून अधिक काळ पोट रिकामे असताना आणि व्यायाम पाऊण तासाच्या पुढे जाणार असेल तेव्हा. अशा सकाळी अर्धा-पाऊण तास आधी एक केळे किंवा तीन-चार खजूर पुरतात. शेंगदाणे घातलेले, वरून तेलाची फोडणी दिलेले पोहे इतक्या आयत्या वेळी खाऊ नयेत. स्निग्ध पदार्थांमुळे पोट उशिरा रिकामे होते आणि बैठका काढताना तेच पोहे घशाशी येतात. त्यांना दीड-दोन तास द्यावेत, नाहीतर ते नंतर खावेत. ज्याला उपाशीपोटी बरे वाटते आणि ज्याचा व्यायाम अर्ध्या तासात आटोपतो, त्याने न खाल्ल्याने काही बिघडत नाही.

संध्याकाळी शरीराचे तापमान चढलेले असते आणि स्नायूंची ताकदही बहुतेकांत तेव्हाच सर्वाधिक असते. दुपारी एकला वरण-भात, पोळी-भाजी जेवून सहाला जिममध्ये जाणाऱ्याला आधी वेगळे काही लागत नाही. पोटात अन्न असताना, एका स्नायूगटाचे दहापर्यंत सेट करायचे असतील तर जादा कर्बोदकांनी फरक पडत नाही, असा २०२२ मधील एका व्यापक आढाव्याचा निष्कर्ष आहे. कार्यालयातून थेट रात्री आठला येणाऱ्याचे गणित बदलते. त्याने साडेपाच-सहाला फळ किंवा पोळीचा रोल खाल्लेला बरा. चहा-बिस्किटांवर सात तास काढू नयेत.

मग रात्रीचा भात? संध्याकाळी शरीर ग्लुकोज सकाळपेक्षा सावकाश हाताळते, हे खरे. पण नुकतेच काम केलेले स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातले ग्लुकोज ओढून घेतात, त्यामुळे व्यायामानंतरच्या ताटातला भात बसल्या जागी खाल्लेल्या भातासारखा वागत नाही. सिडनी विद्यापीठाच्या २००७ मधील प्रयोगात झोपेच्या चार तास आधी लवकर पचणारा भात खाल्लेल्यांना सरासरी ९ मिनिटांत झोप लागली, सावकाश पचणारा भात खाल्लेल्यांना १७ मिनिटांहून अधिक वेळ लागला. इस्रायलमध्ये लठ्ठ पोलिसांना सहा महिने कमी उष्मांकाचा आहार देताना एका गटाची बहुतेक कर्बोदके रात्रीच्या जेवणात ठेवली होती. त्या गटाचे वजन दुसऱ्या गटापेक्षा थोडे जास्तच उतरले. रात्री भात वर्ज्य करण्याचा आग्रह या निष्कर्षांपुढे टिकत नाही.

व्यायाम संपताच साखर पोटात गेलीच पाहिजे, हा समज १९८८ च्या सायकलस्वारांवरील प्रयोगातून आला. खाण्यास दोन तास उशीर केल्यावर ग्लायकोजेन भरण्याचा वेग जवळपास निम्मा झाला होता. मात्र दिवसभराचे जेवण पुरेसे असेल तर २४ तासांनी ही तफावत उरत नाही. स्नायू बांधण्यासाठीही साखरेची घाई नको: २०११ मध्ये मॅकमास्टरमध्येच २५ ग्रॅम प्रथिनांसोबत ५० ग्रॅम कर्बोदके देऊन पाहिली गेली आणि स्नायूंतल्या प्रथिननिर्मितीत काहीही भर पडली नाही.

उशीर खरोखर महागात पडतो तो दिवसातून दोनदा कसणाऱ्यांना, म्हणजे कोल्हापूरच्या तालमींतल्या मल्लांसारख्यांना. पहाटेची मेहनत आणि संध्याकाळची लढत यांत आठ तासांहून कमी वेळ असेल, तर पहिले चार तास दर तासाला वजनाच्या प्रतिकिलो १ ते १.२ ग्रॅम कर्बोदके घ्यावी लागतात. ७० किलोच्या मल्लाला हे तासाला ७० ते ८४ ग्रॅम, म्हणजे साधारण दोन वाट्या भात. मल्लांच्या नेहमीच्या थंडाईतून बदामाचे स्निग्ध पदार्थ आणि दुधाची प्रथिने मिळतात. कर्बोदके मात्र दुधातली आणि खडीसाखरेतली तेवढीच. थंडाईच्या जोडीला भात, केळी किंवा भाकरी हवीच.

मधुमेहींना घड्याळाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. टाइप १ मधुमेहात सकाळी उपाशीपोटी वजने उचलल्यावर रक्तशर्करा अनेकदा वाढते, तर तोच व्यायाम दुपारनंतर केल्यास ती उतरते. इन्सुलिन किंवा साखर पाडू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामाआधी आणि नंतर साखर मोजावी. केळे खायचे की मात्रा बदलायची, हे डॉक्टरांना ते आकडे दाखवून ठरवावे.