गॅलरी कुठे गेली?

पार्ल्यातल्या एका सोसायटीत गेल्या उन्हाळ्यात मोजमापं घ्यायला गेले होते. इमारत १९७८ची, तीन मजली, विटांच्या भारवाही भिंतींवर उभी. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दहा बाय चौदाचा हॉल आणि त्याला लागून दहा फूट लांब, चार फूट रुंद गॅलरी. "ताई, गॅलरी आत घ्यायची आणि मधली भिंत काढायची. हॉल केवढा मोठा होईल बघा," घरातला मुलगा म्हणाला. त्याची आजी गॅलरीतच मेथी निवडत बसली होती. ती काही बोलली नाही. पाय जवळ ओढून घेऊन तिने माझ्या टेपला वाट करून दिली.

जुन्या घरांचं नूतनीकरण हेच माझं तीस वर्षांचं काम. त्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली मागणी हीच. अलीकडे लोक नव्या इमारतींचे नकाशेही दाखवायला आणतात. त्यांपैकी कित्येकांत गॅलरी आत घ्यायचा प्रश्नच येत नाही, कारण ती काढलेलीच नसते. मुंबई-पुण्याच्या घरबांधणीचा आढावा घ्यायला मला ही चार फुटांची पट्टी पुरेशी वाटते. घर कोणासाठी बांधलं, कोणत्या कायद्याखाली बांधलं, कोणाच्या हिशेबाने बांधलं, हे तिच्यावरून कळतं.

गिरगावातल्या चाळींत गॅलरी ही मुळात वाट होती. लाकडी खांब, लाकडी कठडा, एका रांगेत उघडणारी दारं. आपल्या खोलीत जायचं तर शेजाऱ्यांच्या दारांवरून जावं लागे. वाड्यातल्या ओसरीची कामं इथे गॅलरीने उचलली. पापड वाळत घालणं, मुलांचा अभ्यास, आकाशकंदील, उन्हाळ्यात रात्रीची झोप, कोणी गेलं तर भेटायला आलेल्या माणसांना बसवणं, सगळं तिथेच. तिचं आणखी एक काम होतं, ते आपण विसरलो. ती खोलीच्या भिंतीवर सावली धरायची. पावसाची झड कठड्यापाशी अडायची, म्हणून भर आषाढातही दार उघडं ठेवता यायचं आणि खोलीत वारा खेळायचा.

वाऱ्या-उजेडाचं महत्त्व या शहराला फार मोठी किंमत मोजून कळलं. १८९६ साली प्लेग आला आणि त्यानंतर १८९८मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम आग्रहाने मांडला. खोलीच्या पायथ्यापासून या कोनात वर रेषा काढली, तर समोरची इमारत तिच्या आड येता कामा नये. सोप्या भाषेत, समोरची इमारत वीस मीटर उंच असेल तर मध्ये दहा मीटर मोकळी जागा हवी. दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनीत, पारशी कॉलनीत आजही दुपारी तळमजल्याच्या स्वयंपाकघरात उजेड दिसतो, त्याचं मूळ ट्रस्टने आखलेल्या त्या वसाहतींच्या रचनेत आहे.

आज गोवंडीत नटवर पारेख कंपाउंडमध्ये जाऊन पाहावं. पुनर्वसनाच्या सात-आठ मजली इमारती, आणि दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरची गल्ली. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने अशा वसाहतींचा अभ्यास केला, तेव्हा हवा-उजेड न मिळणारी घरं आणि क्षयरोग यांचा संबंध समोर आला. ऑर यांचा नियम शंभर वर्षांपूर्वीचा. तो आपल्याला माहीत नव्हता असं कोणालाच म्हणता येणार नाही. पुनर्वसनाच्या योजनांत अंतराच्या सवलती विचारपूर्वक, लेखी दिल्या गेल्या. त्या देणाऱ्यांनी एक दिवस त्या खालच्या मजल्यावर राहून पाहायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

१९३०च्या दशकात मरीन ड्राइव्ह, ओव्हल, शिवाजी पार्क इथे आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. काँक्रीटमुळे खांबाशिवाय बाहेर झेपावणारा सज्जा शक्य झाला, म्हणून गॅलऱ्यांना ती गोलाई आली आणि खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे आले. ओव्हल आणि मरीन ड्राइव्हचा समूह २०१८मध्ये जागतिक वारसा ठरला. तिथे नटवेपणाबरोबर हवामानाची समजही होती. गॅलरी मात्र तिथे बदलली. वाट होती ती खासगी झाली, एका कुटुंबाची झाली.

मध्यमवर्गाला ही खासगी गॅलरी सहकारी सोसायट्यांनी दिली. १९१५मध्ये गावदेवीत नोंदवलेली सारस्वतांची सोसायटी ही त्यातली आद्य. साठ-सत्तरच्या दशकांत पार्ले, मुलुंड, डोंबिवली, कोथरूड इथे ज्या तीन-चार मजली इमारती उठल्या, त्यांचा नकाशा जवळपास एकच. हॉलला गॅलरी आणि स्वयंपाकघराला धुण्या-भांड्यांची छोटी गॅलरी. तिकडे गिरगाव-परळमध्ये १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांनी दुरुस्त्या सोडल्या आणि लाकडी गॅलऱ्यांना लोखंडी टेकू लागले.

मग हिशेब आला. एफएसआय म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधायचं ते प्रमाण. मुंबईच्या १९९१च्या नियमांत मजल्याच्या दहा टक्क्यांपर्यंतची गॅलरी या मोजणीतून मुक्त होती आणि अधिमूल्य भरून ती बंद करून घेण्याची सोयही होती. म्हणजे गॅलरी कागदावर गॅलरी म्हणून दाखवायची आणि पहिल्या दिवसापासून खोली म्हणून विकायची. तिच्या पाठोपाठ फ्लॉवर बेड आले, ड्राय बाल्कनी आली. फ्लॉवर बेडमध्ये फुलं लावलेली मी फार थोड्या घरांत पाहिली. तिथे फरशी चढली आणि बैठक झाली. जानेवारी २०१२मध्ये हे सगळं मोजणीत घेतलं गेलं आणि बदल्यात निवासी इमारतींना पस्तीस टक्के फंजिबल, म्हणजे हवा तिथे वापरता येणारा वाढीव एफएसआय मिळाला. नियम स्वच्छ झाला, हे मान्य. पण मोजलीच जाणार असेल तर ती जागा उघडी कोण ठेवील? गॅलरीचं क्षेत्र सरळ बेडरूममध्ये गेलं.

यात आपला, राहणाऱ्यांचाही वाटा आहे. रिडेव्हलपमेंटच्या सभेत पहिला प्रश्न 'कार्पेट किती?' हाच असतो. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती येतात, गॅलरी येत नाही. मग सभासद ज्या आकड्यावर हात वर करतात, त्या आकड्यात नसलेली जागा नकाशात कशी टिकेल?

पुण्याची वाट थोडी वेगळी होती. पुण्यातल्या जुन्या नियमांनी घराला जोडून उघडी गच्ची देण्याला वाव ठेवला होता. ती दोन मजले उंच मोकळी असावी म्हणून एकाआड एक मजल्यावर निघे. कोथरूड-सिंहगड रस्त्यावरच्या इमारतींना कपाटाचे खण उघडे टाकल्यासारखा जो चेहरा आहे, तो यामुळे. त्या गच्च्यांवर मी वांगी पाहिली आहेत, झोपाळे पाहिलेत, कोजागिरीचं दूध आटवलेलं पाहिलंय. डिसेंबर २०२०च्या एकत्रित नियमावलीने इमारतीच्या बाहेरच्या कडेवरून क्षेत्र मोजण्याची पी-लाइन पद्धत आणली आणि गॅलऱ्या, गच्च्या मोजणीत आल्या. नव्या इमारती गुळगुळीत दिसू लागल्या.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी गॅलरीच्या या पट्टीचा जितका विचार केला, तितका आपल्याकडे फार थोड्यांनी केला. १९८३मध्ये पूर्ण झालेली मुंबईतली कांचनजुंगा ही ८४ मीटर उंच, २८ मजल्यांची इमारत. घरं फक्त ३२. मुंबईत समुद्राचा देखावा पश्चिमेला आणि भाजणारं ऊन, झोडपणारा पाऊसही पश्चिमेलाच. जुन्या बंगल्यांनी यावर भोवती व्हरांडा हे उत्तर शोधलं होतं. कोरियांनी तोच व्हरांडा कोपऱ्याकोपऱ्यात दोन मजली उंच बागेच्या रूपात वर चढवला. ती श्रीमंतांची घरं, असं कोणी म्हणेल. पण त्याच काळात त्यांनी सिडकोसाठी बेलापूरला आखलेल्या वसाहतीत सात-सात घरं एका छोट्या चौकाभोवती बसवली. भूखंड ४५ चौरस मीटरपासून सुरू होणारे, तरी प्रत्येक घराला स्वतःचं अंगण. घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, त्यामुळे पैसे जमतील तसं ज्याने त्याने आपलं घर वाढवावं. लोकांनी ते वाढवलं, काहींनी पाडून नवंही बांधलं. माझ्या दृष्टीने ते त्या नकाशाचं यश आहे. राहणारा माणूस बदलेल, हे त्या नकाशाने आधीच धरलं होतं.

नेमकं हेच धरणं नव्या टॉवरमधून नाहीसं होत आहे, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. मोठ्या प्रकल्पांत आता मायवान पद्धत रूढ झाली आहे. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटमध्ये ओततात. काम झपाट्याने होतं, भिंत सरळ येते, गिलाव्याचा खर्च वाचतो. पण तिथे प्रत्येक भिंत भार उचलते. मुलगी मोठी झाली म्हणून दार सरकवायचं, आई-वडील राहायला आले म्हणून दोन खोल्या जोडायच्या, हे होत नाही. आमच्या विटांच्या घरांना चाळीस वर्षांत तीन पिढ्यांनी तीन रूपं दिली. ही घरं पहिल्या दिवशी असतील तशीच राहणार.

वरळीच्या बीडीडी चाळींकडे पाहताना हे सारखं मनात येतं. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात गिरणगावात २०७ चाळी बांधल्या. मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, संडास सामाईक. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. रात्री-बेरात्री सामाईक संडासाला जाण्यात ज्या बायकांचं आयुष्य गेलं, त्यांच्यासाठी घरातल्या न्हाणीघराचं मोल कोणत्याही गॅलरीपेक्षा मोठं आहे. चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं. तरीही ज्या बोळात दारं उघडी राहायची, त्याच्या जागी लिफ्टसमोरची बंद दारांची जागा आली. ती थोडी रुंद ठेवून तिला एक खिडकी आणि बाकडं दिलं, तर किती फरक पडेल, हे नकाशा काढणाऱ्याने मनावर घेण्यासारखं आहे.

पार्ल्याच्या घरात मी मुलाला कागदावर हिशेब मांडून दाखवला. गॅलरीचा स्लॅब भिंतीतून बाहेर झेपावलेला, त्याच्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला. त्यावर दोन इंच कोबा आणि नवी फरशी म्हणजे चारशे किलोच्या आसपास. बाहेरच्या टोकाला तीन फुटी विटांची भिंत म्हणजे आणखी पाचशे. आणि जी मधली भिंत काढायची, तिच्याच वजनाने तो स्लॅब मागून दाबून धरलेला. शिवाय खिडकी चार फूट पुढे गेली की हॉलमागचं स्वयंपाकघर अंधारणार. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण हॉल लहान दिसतो, त्याचं काय?"

प्रश्न रास्त होता. खिडकीवरचं लिंटेल तसंच ठेवून आम्ही फक्त खिडकीखालची अडीच फूट भिंत काढली. लिंटेलचा भार बाजूंच्या भिंतींवरच जातो, त्यामुळे त्याला धक्का लागला नाही. तिथे दुमडणारी दारं बसवली. मागच्या दुरुस्त्यांमध्ये गॅलरीत चढलेले कोब्याचे दोन थर खरवडून काढले, पाण्याचा उतार नीट केला आणि हॉलमध्ये घातली तीच कोटा फरशी बाहेर नेली. दारं उघडली की नजर थेट कठड्यापर्यंत जाते. कठड्याचे आडवे पाइप काढून चार-चार इंचांवर उभे गज लावले, म्हणजे आजीचा पणतू त्यावर चढणार नाही. गज उभे असल्याने आजीला आता बसल्या जागेवरून खालचा भाजीवाला दिसतो. त्याला हाक मारायला तिला उठावं लागत नाही.