थंडीत मैदानावर थोडे उशिरा जा

दादरचे शिवाजी पार्क म्हणजे भर शहरातले सुमारे २८ एकरांचे मैदान. १९२५ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. आजही कट्ट्याच्या कडेने पहाटेपासून फेऱ्या सुरू होतात. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चालाच, पण हिवाळ्यात वेळ बघून.

रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा गार होऊन वरच्या उबदार हवेखाली अडकते. वाहनांचा धूर, मैदानाची धूळ तिथेच कोंडते. ऊन चढले की ही हवा वर सरकते. म्हणून दमेकऱ्यांनी आणि हृदयरुग्णांनी पहाटे न जाता ऊन पडल्यावर निघावे. दम्याचा पंप खिशात असू द्यावा.

चालताना छाती दडपली, हातात किंवा जबड्यात कळ आली, तर ‘पित्त असेल’ म्हणून फेरी पूर्ण करू नका. कट्ट्यावर बसा, शेजाऱ्याला सांगा, १०८ला फोन करा. ‘कालपासून दुखतंय’ म्हणत येणारे रुग्ण आम्ही सरकारी रुग्णालयात नेहमी पाहतो. तोवर हृदयाचा मेलेला स्नायू परत मिळत नाही.