मोतीचा दुसरा गुडघा

आपल्या बेटावरच्या पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी विलायतेत आहे. रविवारी फोन आला की आधी प्रकृती, मग हवापाणी, मग इथल्या लग्नकार्यांची चौकशी, असा ठरलेला क्रम असतो. गेले वर्षभर आमच्या घरी मात्र पहिला विषय कुत्र्याचा निघतो.

आमची धाकटी बहीण लंडनमध्ये परिचारिका आहे. तिच्या लाब्राडोरचे नाव मोती. हे नाव आमच्या आजोबांच्या कुत्र्याचे. त्या मोतीचा पाय मोडला तेव्हा आजीने हळदीचा लेप देऊन बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. खर्च काही नाही. तो पुढे जन्मभर थोडा लंगडला, एवढेच.

लंडनचा मोती सहा वर्षांचा असताना चेंडूमागे धावला आणि मागचा उजवा पाय उचलूनच परतला. गुडघ्याच्या आतला अस्थिबंध तुटला होता. यावर नडगीचे हाड वरच्या बाजूस कापून, किंचित फिरवून, धातूची पट्टी बसवतात. बिल चार हजार पौंडांवर गेले, म्हणजे आपले दोन लाख रुपये ओलांडून. विमा नव्हता. 'आता तरी शहाणे होऊ' म्हणत बहिणीने पुढच्याच आठवड्यात विमा उतरवला. उजवा गुडघा त्यात धरणार नाहीत हे तिला ठाऊक होते, आणि पटलेही होते. घर जळाल्यावर आगीचा विमा कोण देईल?

आठ महिन्यांनी डावा गुडघा गेला. दावा करताच कंपनीने पशुवैद्याकडून मोतीच्या पिल्लूपणापासूनच्या सर्व नोंदी मागवल्या आणि उत्तर धाडले: हा विकार विम्याच्या आधीचा आहे, भरपाई मिळणार नाही.

"अगं ताई, आजारी उजवा पाय होता, डावा नव्हता!" बहीण फोनवर रडकुंडीला आली. आम्हीही कंपनीच्याच नावाने बोटे मोडली. मग तिने पाठवलेले विमापत्र, वर्गातल्या वह्या तपासाव्यात तसे, पेन घेऊन वाचले. अटी बारीक अक्षरांत होत्या, पण होत्या. डोळे, कान, खुबे, गुडघे असे जे अवयव दोन्ही बाजूंना असतात, त्यांपैकी एकास विम्याआधी विकार झाला असेल तर दुसराही वगळला जातो.

अट निष्ठुर वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. माणसाचा हा अस्थिबंध बहुधा फुटबॉल खेळताना एका हिसक्यात तुटतो. कुत्र्याचा मात्र बहुतेकदा जुन्या दोरासारखा झिजत जातो; चेंडू निमित्तमात्र. म्हणून एक गेला की दुसरा जाण्याचा संभव फार मोठा. शिवाय दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीत एक ओळ सापडली: 'लांब फिरून आल्यावर मागचे पाय आखडतात.' त्या वेळी निदान झाले नव्हते, औषधही दिले नव्हते. पण विमेवाल्यांना निदानाची गरज नसते, लक्षण पुरते. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे. माणसांचा आरोग्यविमा काढताना हाच अनुभव कित्येकांना आला असेल.

तरीही आमचे मत असे की, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आठवड्याभरात येणाऱ्या गिऱ्हाईकाला दुसरा गुडघाही धरणार नाही हे ठळक शब्दांत सांगायला हवे होते. हप्ते घेताना कुणी चकार शब्द काढला नाही.

जनावरांचा विमा काही नवा नाही. स्वीडनमध्ये तो १८९० च्या सुमारास घोड्यागुरांसाठी निघाला, ब्रिटनमध्ये कुत्र्यामांजरांसाठी १९४७ साली. तिथल्या आपल्या मुलाबाळांना एवढे अवश्य सांगा: पिल्लू घरी येताच, नोंदवही कोरी असतानाच विमा घ्यावा. सुरुवातीचे काही दिवस, आजारासाठी बहुधा चौदा, भरपाई मिळत नाही. स्वस्त विम्यात एखाद्या दुखण्याचा खर्च बारा महिनेच मिळतो, पुढे तेच दुखणे वगळतात. आजन्म विमा महाग, पण खंड न पाडता दरवर्षी चालू ठेवला तर जुने दुखणे त्यात राहते. आणि दुखणे झाल्यावर कंपनी बदलू नये, कारण नव्या कंपनीच्या दृष्टीने ते सारे जुनेच. (काही कंपन्या ठरावीक काळ लक्षण न दिसल्यास जुना विकार पुन्हा धरतात, पण गुडघ्याबाबत नीट विचारून घ्यावे.) अर्जात लपवाछपवी तर मुळीच नको. तिथल्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे काळजीपूर्वक देणे गिऱ्हाईकाचे कर्तव्य आहे, आणि मुद्दाम खोटे लिहिल्यास विमाच रद्द होऊ शकतो.

बहिणीने काही लपवले नव्हते. तिने प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार केली. कंपनीचे अखेरचे उत्तर नकाराचे आले, किंवा आठ आठवड्यांत काहीच आले नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे फुकट दाद मागता येते. अखेरच्या उत्तरानंतर सहा महिन्यांच्या आत. पाय आखडल्याची ती ओळ गुडघ्याबद्दल नव्हतीच, असे पत्र पशुवैद्याने दिले आहे. ते जोडून तिने अर्ज धाडला. पण दोन गुडघ्यांच्या अटीचे काय होईल, ते निकाल आल्यावर कळेल. मोतीला तोवर थांबवता येईना. डावे ऑपरेशन झाले असून पैसे ती दरमहा थोडेथोडे फेडते आहे.