दुसऱ्याच्या हातचा टॅरो

लंडन-पॅरिससारख्या शहरांतील जुन्या वस्तूंच्या दुकानांत टॅरो पत्त्यांचा वापरलेला जोड कधी कधी हातीं लागतो. पेटी हरवलेली, कडा मळलेल्या, दोऱ्यानें बांधलेला. तो घरीं आणणाऱ्याच्या मनांत पहिली शंका येते ती पूर्वीच्या मालकाविषयीं. त्याच्या दुःखाची छाया पानांवर राहिली असेल काय? पुष्कळदां असा जोड मृताच्या सामानांतून विकलेला असतो. म्हणून ही शंका हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. मग कोणी पानें मिठांत पुरण्यास सांगतो, कोणी चांदण्यांत ठेवण्यास. जोड विकत घेऊंच नये, तो भेट म्हणून यावा, असाहि एक समज आहे.

या समजुतींचें वय मोठें नाहीं. पंधराव्या शतकांत उत्तर इटलींत टॅरो जन्मला तो खेळ म्हणून. पेले, नाणीं, तरवारी व दंड या चार रंगांचीं ५६ पानें, २१ हुकुमाचीं व एक वेड्याचें, अशीं ७८ पानें वांटून लोक डाव खेळत. सुमारें तीन शतकांनीं, १७८१ सालीं, कूर द झेबलँ या फ्रेंच पंडितानें हीं चित्रें म्हणजे प्राचीन मिसरचें गुप्त ज्ञान होय असें छापलें. मिसरी चित्रलिपि तेव्हां कोणासच वाचतां येत नव्हती. शांपोलियननें १८२२ सालीं तिचें कोडें उलगडलें. त्यानंतरहि या कल्पनेस आधार मिळाला नाहीं. भविष्यकथनाची प्रथा मात्र रूढ झाली.

जुन्या जोडाशीं ओळख करावयाची तर प्रथम पानें मोजावीं. संख्या ७८ न भरल्यास लगेच निराश होऊं नये. बोलोन्याच्या खेळांत ६२च पानें असतात, तर फ्लॉरेन्सच्या मिंक्यातेंत ९७. मग रंगवार मांडून साधीं अंकपानें पाहावीं. मार्सेय पद्धतीच्या जोडांत पांच पेल्यांच्या पानावर केवळ पांच पेले असतात. उलट आर्थर वेट यांच्या योजनेनुसार पामेला कोलमन स्मिथ यांनीं चितारलेल्या, १९०९ सालीं लंडनांत निघालेल्या जोडांत त्याच पानावर सांडलेल्या पेल्यांपुढें खिन्न उभा असलेला मनुष्य दिसतो. एका जोडाचें मार्गदर्शक पुस्तक दुसऱ्यास लावल्यानें घोंटाळाच होतो. समासांत पेन्सिलीचीं टिपणें असल्यास तीं खोडूं नयेत. कोणत्या पानाशीं कोणी किती वेळ घालविला, हें त्यांवरून आणि झिजलेल्या कोपऱ्यांवरून कळतें. पूर्वीच्या मालकाची खरी छाया ती एवढीच. मीठ दमट होऊन कागद बिघडवितें. चांदण्यानें पत्त्यांचें कांहीं बिघडत नाहीं. दंवानें मात्र बिघडतें.

मिलानच्या स्फोर्झा राजघराण्याकरितां सोन्याच्या वर्खावर रंगविलेला प्रसिद्ध जोडहि अनेक हातांतून गेलेला आहे. त्याचीं ३५ पानें न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयांत, २६ बेर्गामोच्या कारारा चित्रसंग्रहांत व १३ कोल्लेओनी घराण्याच्या संग्रहांत आहेत. चार नाहींशीं झालीं. उरलेल्यांपैकीं सहा पानें मागाहून दुसऱ्या चित्रकारानें केलेलीं असून चेहऱ्यांवरून त्याचा हात निराळा ओळखूं येतो. पानांच्या वरच्या कडेस टांचणीचीं भोकें आहेत.